पॉट जुना झालाय

"हे खरखरायला कधीपासून लागलं गं?"

बाबांनी व्हॉल्यूमच्या नॉबवरची बोटं चटका बसावा तशी मागे घेतली होती. मी समोरच वाचत बसले होते. मान वरही न करता म्हणाले, "पॉट जुना झालाय, बाबा. इतकी वर्षं फिरवताय, आतला कार्बन झिजणारच की." पॉट म्हणजे नॉबमागचा, आवाज कमी-जास्त करणारा रोध. त्यांनी "असेल" म्हणून मान हलवली आणि आवाज आहे तिथेच ठेवून ऐकत बसले. एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तर अँप्लिफायरचं झाकण जमिनीवर, चारही स्क्रू एका बशीत नीट ठेवलेले, आणि बाबा पाठ वाकवून पॉटच्या मागच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरची लाल नळी घालत होते. एक फवारा, मग नॉब शून्यापासून टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा, मग पुन्हा फवारा. खोलीभर त्या क्लीनरचा गोडसर, नाकात चढणारा वास. कंबरेला हात लावून ते उठले, रेकॉर्ड लावली, नॉबला दोन बोटं लावली. खर्र. "गेला वाटतं खरंच," ते म्हणाले, आणि झाकण लावायला बसले. स्क्रू फिरवतानाची त्यांची पाठ मी दारातून बघत होते.

त्याच्या चारच दिवस आधी मी त्या अँप्लिफायरमधली एक आयसी, म्हणजे चिप, बदलली होती, आणि ते त्यांना सांगितलं नव्हतं.

लपवायचं असं काही मनात नव्हतं. त्यांनी न सांगता फरक ओळखावा, "आज काहीतरी छान वाजतंय" असं आपणहून म्हणावं, एवढीच इच्छा होती. तो अँप्लिफायर माझ्यापेक्षा वयाने मोठा. नॉब ॲल्युमिनियमचा, कडेला बारीक रेषा कोरलेल्या, उन्हाळ्यातही हाताला गार लागणारा. बाबा तो कधी मुठीत धरत नाहीत. अंगठा आणि तर्जनी, बस. आधी शून्यावर आणायचा, मग सुई टेकवायची, मग आवाज इतका सावकाश वर न्यायचा की गाणं नेमकं कधी खोलीत आलं ते कळू नये. लहानपणी मी त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता त्या दोन बोटांकडे बघत असे. त्यामुळे त्या बोटांनी मागे सरकणं मला लागलं. आणि त्याहून जास्त लागलं ते माझं वाक्य. किती चटकन मी पॉटवर ढकललं. तपासलं नाही, विचार केला नाही, जुनी वस्तू आहे म्हणजे दोष तिचाच, असं गृहीत धरलं.

आयसी बदलण्याचं कारण कागदावर अगदी सरळ होतं. व्हॉल्यूम कंट्रोलच्या लगेच पुढच्या टप्प्यावर टीएल०७२ होती, आठ पायांची, एकाच कवचात दोन ऑप-अँप, म्हणजे सिग्नल मोठा करणारी छोटी सर्किटं, एक डाव्या चॅनलचा आणि एक उजव्याचा. कधीतरी दुरुस्ती करताना कुणीतरी तिथे बेस, म्हणजे आयसी खोचायचं सॉकेट, बसवून ठेवला होता, म्हणजे सोल्डरिंगचीही गरज नाही. टीएल०७२ च्या डेटाशीटमध्ये नॉइजचा, म्हणजे आयसीच्या स्वतःच्या सूक्ष्म आवाजाचा, आकडा १८ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ. एनई५५३२ चा ५. आकडा जितका लहान तितकी आयसी शांत. कितीतरी स्टुडिओंत वर्षानुवर्षं राबलेली, खात्रीची आयसी, पायांची मांडणी तीच. आणि रात्री आवाज अगदी बारीक ठेवून ऐकताना ट्वीटरला, म्हणजे स्पीकरच्या बारीक सुरांच्या भागाला, कान लावला की कोरड्या वाळूवरून कापड ओढत न्यावं तशी एक हिस यायची. ती मला कित्येक वर्षं ठाऊक होती. तिचं काहीतरी करावं असं वाटत होतं.

प्लग काढला, मोठे कॅपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबले. सपाट, बारीक स्क्रूड्रायव्हर आधी एका बाजूने घातला, केसभर उचललं, मग दुसऱ्या बाजूने. असं आलटून पालटून केलं नाही की आयसी एका टोकाने सुटते आणि पलीकडचे पाय वाकडे होतात. तीस-पस्तीस वर्षांनी ती बाहेर आली तेव्हा तिचे पाय चांदीच्या जुन्या पैंजणासारखे काळे पडले होते. नवीन आयसीचे पाय नेहमी थोडे बाहेर फाकलेले असतात. ते टेबलावर आडवे टेकवून दोन्ही बाजूंनी हलकेच आत घेतले. खाच कुठल्या दिशेला, पहिली पिन कुठली, हे तीनदा पाहिलं, कारण उलटी बसली तर वीज देताच संपली. मग अंगठ्याने सरळ दाब दिला. बेसमध्ये आयसी पूर्ण बसते तेव्हा एक बारीक 'कट्' होतं. तो आवाज कानापेक्षा अंगठ्यालाच आधी कळतो.

त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत ऐकत बसले.

हिस खरोखर कमी झाली होती. हा भास नव्हता, हे आजही ठामपणे सांगते. आवाज बारीक असताना पॉटचं सरकणारं टोक जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या, जवळ असतं. पुढच्या आयसीला समोर फार रोध दिसत नाही, त्यामुळे जो नॉइज ऐकू येतो तो मुख्यतः आयसीचा स्वतःचा. तिथे १८ आणि ५ मधला फरक जवळजवळ पूर्णच्या पूर्ण हातात पडतो. पण मला त्याहून जास्त काही ऐकू आलं. डावा चॅनल, जो बरेच दिवस थोडा दबलेला, मागे बसल्यासारखा वाटायचा, तो भरून आला होता. गायिका पहिला सूर लावण्याआधी श्वास घेते, तो श्वास आधी कुठेतरी उजवीकडे कलंडलेला असायचा. आता बरोबर मधोमध होता. आवाज 'उघडला', असं मी वहीत लिहिलं. त्या शब्दाखाली रेघ ओढली.

आणि चार दिवसांनी खर्र.

त्या क्लीनरच्या वासाने मला झोप लागेना. उठून डेटाशीट पुन्हा उघडली. पहिल्यांदा वाचताना मी नॉइजची ओळ पाहिली होती, स्लू रेटची, म्हणजे व्होल्टेज किती वेगाने चढतं त्याची, पाहिली होती, डिस्टॉर्शनचा आलेख पाहिला होता. तिच्या वरची एक ओळ नुसतीच ओलांडली होती, इनपुट बायस करंटची. टीएल०७२ च्या तोंडाशी जेफेट जातीचे ट्रान्झिस्टर असतात. ते इनपुटमधून जवळजवळ काहीच ओढत नाहीत, साधारण ६५ पिकोअँपिअर. ५५३२ च्या तोंडाशी साधे बायपोलर ट्रान्झिस्टर असतात आणि त्यांच्या 'बेस' नावाच्या टोकाला जिवंत राहायला करंट लागतोच, तो साधारण २०० नॅनोअँपिअर. म्हणजे आधीपेक्षा तीन हजार पट. २०० नॅनोअँपिअर ही तशी नगण्य गोष्ट. पण हा करंट येतो कुठून? बाबांच्या अँप्लिफायरमध्ये पॉटचं सरकणारं टोक थेट आयसीच्या पायाला जोडलेलं आहे, मध्ये डीसी करंट अडवणारा कॅपॅसिटर नाही. टीएल०७२ ला त्याची गरजच नव्हती, त्यामुळे सर्किट आखणाऱ्याने तो घातला नाही. आता तो सगळा करंट त्या सरकत्या टोकातून, कार्बनच्या पट्टीवरून वाहायला लागला. ५० किलोओहमचा पॉट. नॉब शून्यावरून टोकाला नेला की त्या टोकावर शून्यापासून १० मिलिव्होल्टपर्यंत डीसी व्होल्टेज चढतं. ते गुळगुळीत चढत नाही. कार्बनच्या पट्टीवर टोक कुठे टेकतं, कुठे क्षणभर उचलतं, आणि तशा प्रत्येक जागी ते व्होल्टेज उडी मारतं. रात्री बारीक आवाजात ऐकताना तिथे संगीताचा सिग्नलच जेमतेम काही दहा मिलिव्होल्टचा असतो. त्यात ही उडी, आणि पुढे आयसी ती पाचपट करून स्पीकरकडे पाठवते. टीएल०७२ असताना हेच गणित केलं तर पॉट टोकाला असतानाही साडेतीन मायक्रोव्होल्ट भरत नाहीत. पॉटच्या पट्टीवर उंचवटे आधीही होतेच, ते प्रत्येक पॉटच्या पट्टीवर असतात. त्यांना आवाज मी दिला.

कॉलेजात असताना हा धडा एकदा वेगळ्या तऱ्हेने मिळाला होता आणि मी तो विसरले होते. तेव्हा मी एक छोटा हेडफोन अँप्लिफायर बांधला होता. आधी साधी ४५५८ होती, मग कुठूनतरी अतिशय वेगवान आयसी मिळाली आणि मी ती त्याच बेसमध्ये बसवली. आवाज सुरू झाला, बरा होता, फक्त कशावर तरी पातळ धूळ बसल्यासारखा वाटत होता. दहा मिनिटांनी सहज बोट लागलं तर आयसी चटका बसेल इतकी तापलेली. प्रयोगशाळेतल्या स्कोपचा प्रोब आउटपुटला लावला आणि पडद्यावर जिथे हिरवी बारीक रेघ दिसायला हवी तिथे जाड, मऊ पट्टा दिसला, सुरवंटासारखा. ती आयसी कित्येक मेगाहर्ट्झवर स्वतःशीच गात होती. ते कुठल्याच कानाला ऐकू येणार नव्हतं, पण त्या गाण्यात तिची सगळी ताकद चालली होती आणि माझं गाणं उरल्यासुरल्या ताकदीवर वाजत होतं. माझ्या बोर्डावर वीजपुरवठ्याच्या तारा लांबच लांब, आयसीच्या जवळ पुरवठा स्थिर ठेवणारा एकही छोटा कॅपॅसिटर नाही. संथ ४५५८ ने ते निभावून नेलं होतं. बोर्ड उलटा करून चौथ्या आणि आठव्या पिनेच्या मध्ये थेट १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर टाकला, पाय शक्य तितके आखूड कापून. राळेचा धूर नाकात गेला, सोल्डर चकाकत बसलं, आणि पडद्यावरचा सुरवंट एकदम दोरा झाला. तो क्षण मला अजून दिसतो. तरीही इतक्या वर्षांनी मी पुन्हा तेच केलं. आयसीचा कागद वाचला, ती जिथे बसणार ती जागा वाचली नाही.

जागा वाचायची म्हणजे काय, ते या एका आकड्याने मला सगळ्यात नीट कळलं. एलएम४५६२ नावाची आयसी आहे. नॉइज २.७ नॅनोव्होल्ट, कागदावर ५५३२ च्याही पुढे. पण नॉइज दोन प्रकारचा असतो. एक व्होल्टेजचा, जो सगळे बघतात, आणि दुसरा करंटचा, जो समोरच्या रोधातून वाहून स्वतःचं व्होल्टेज तयार करतो. एलएम४५६२ चा हा दुसरा आकडा १.६ पिकोअँपिअर. समोर १० किलोओहम असतील तर नुसता तो रोधच उष्णतेने १३ नॅनोव्होल्ट गुणगुणत असतो, त्यात हा करंट आणखी १६ ची भर घालतो. सगळ्यांची वर्गबेरीज करून वर्गमूळ काढलं की २.७ वाली आयसी २१ च्या आसपास येते. कागदावर ८ नॅनोव्होल्ट असलेली ओपीए२१३४, जिच्या तोंडाशी फेट आहेत, ती त्याच जागी १५ वर थांबते. आणि टीएल०७२ चे २२. म्हणजे त्या विशिष्ट जागी सर्वांत महागडा आकडा घेऊन आलेली आयसी जुन्या टीएल०७२ च्या जेमतेम एक पाऊल पुढे. तीच एलएम४५६२ समोर शंभर-दोनशे ओहम असलेल्या जागी बसवा, तिच्याइतकं शांत फारच थोडं सापडेल. मी हे गणित रात्री पेन्सिलने तीनदा केलं. तीनही वेळा तेच आलं.

या छोट्या काळ्या तुकड्याकडे आपण ज्या भक्तीने बघतो ती मला कळते, कारण ती माझ्यातही आहे. पण तो मुळात गाण्यासाठी जन्मलाच नव्हता. १९४७ मध्ये जॉन रॅगॅझिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या निबंधात 'ऑपरेशनल अँप्लिफायर' हे नाव आलं ते ॲनालॉग गणकयंत्रांच्या संदर्भात. बेरीज, वजाबाकी, इंटिग्रेशन या क्रिया करणारा म्हणून 'ऑपरेशनल'. १९५२ मधला के२-डब्ल्यू हा ऑप-अँप दोन व्हॉल्व्हवर चालायचा आणि त्याला अधिक-उणे ३०० व्होल्ट लागायचे. मग १९६८ मध्ये ७४१ नावाची ऑप-अँप आयसी आली, जिच्या पोटातच ३० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर होता, त्यामुळे ती कुणाच्याही हातात शहाण्यासारखी वागायची. पण ती मायक्रोसेकंदाला अर्धाच व्होल्ट चढू शकायची, आणि २० किलोहर्ट्झला साधारण ४ व्होल्टच्या शिखरापलीकडे तिचा दम संपायचा. ५५३२ चे ९ व्होल्ट आले आणि हा प्रश्न घरगुती साधनांपुरता मिटला. त्यानंतर मिक्सिंग कन्सोलच्या मिक्सिंग कन्सोल ५५३४ आणि ५५३२ नी भरून गेले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तो गायिकेचा श्वास, ज्यासाठी मी घरातली एक आयसी बदलत होते, तो मायक्रोफोनपासून रेकॉर्डपर्यंत येताना अशा किती ऑप-अँपमधून आधीच जाऊन आला असेल. दहा, वीस, कदाचित त्याहून जास्त. तरी तो श्वासच राहिला.

खरखरीचं कारण कळल्यावर मी सकाळी जुनी टीएल०७२ परत बसवली. पाय मऊ खोडरबराने घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून, मग बेसमध्ये. नॉब फिरवला. खरखर गेली. हिस परत आली, अपेक्षित होती. पण डावा चॅनल भरलेलाच राहिला. श्वास बरोबर मधोमध.

मी खुर्चीत बसले आणि बराच वेळ उठले नाही.

ज्या शब्दाखाली मी रेघ ओढली होती, 'उघडला', तो या आयसीचाही नव्हता आणि त्या आयसीचाही नव्हता. बेसच्या आतल्या पत्र्याची जीभ आणि आयसीचा काळवंडलेला पाय यांच्यामध्ये वर्षानुवर्षं एक पापुद्रा साचला होता, बहुधा डाव्या बाजूच्या एखाद्या पिनेवर. आयसी ओढून काढली आणि दुसरी दाबून बसवली तेव्हा त्या जिभा खरवडून निघाल्या. मी जर तीच जुनी आयसी उचलून तिथेच पुन्हा दाबली असती, तरी त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागले असते. मनात येतं, आयसी बदलून 'पडदा दूर झाला' असं मनापासून सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी खरं म्हणजे एक गंजलेला सांधा साफ केला असेल. ते खोटं बोलत नाहीत. फरक झालेला असतोच. त्याचं श्रेय भलत्याच जागी जाऊन बसतं.

मग मला राहवेना. एका छोट्या बोर्डावर मी दोन सारखी सर्किटं बांधली, एकात टीएल०७२, दुसऱ्यात ५५३२, मध्ये एक स्विच. पॉट नाही, त्यामुळे खरखरीचा प्रश्न नाही, आणि दोन्हींच्या आउटपुटला कॅपॅसिटर, म्हणजे स्विच टाकताना टक् होणार नाही. धाकट्या भावाला माझ्या पाठीमागे बसवलं. तो नाणं उडवून स्विच टाकायचा आणि विचारायचा, "ताई, आता कुठलं?" पहिल्या खेपेला मी जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर ओळखलं. ५५३२ वाजली की आवाज पुढे यायचा, कडा स्पष्ट व्हायच्या. मला इतका आनंद झाला की मी उठून टाळ्या वाजवल्या. मग सवयीने मल्टीमीटर लावला. १ किलोहर्ट्झचा सूर दिला आणि दोन्ही आउटपुट मोजली. ५५३२ चं सर्किट तीन टक्क्यांहून जास्त मोठं वाजत होतं. मी डब्यातले जुने, पाच टक्के फरकाचे रोध वापरले होते, आणि ऑप-अँपच्या सर्किटमध्ये आवाज किती मोठा होणार हे आयसी ठरवत नाही, ते बाजूचे दोन रोध ठरवतात. एवढा थोडा फरक 'मोठा' म्हणून कानाला कळत नाही. तो 'स्पष्ट' म्हणून कळतो, 'जिवंत' म्हणून कळतो.

रोध एकेक मोजून जोड्या लावल्या. १ व्होल्टला ११ मिलिव्होल्टच्या आत दोन्ही सर्किटं आणली, म्हणजे फरक एका डेसिबलच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. पुन्हा बसलो. सोळा वेळा. भाऊ पाठीमागून विचारत राहिला आणि मी डोळे मिटून सांगत राहिले. चौथ्या-पाचव्या वेळेनंतर मला जाणवलं की मी ऐकत नाहीये, आठवण्याचा प्रयत्न करतेय. मागचा तुकडा कसा होता ते मनात धरून ठेवायला जावं तर हातातून वाळू सुटावी तसा तो सुटायचा. सोळापैकी नऊ बरोबर आले. निदान बारा आले असते तर त्याला काही अर्थ होता. नऊ म्हणजे नाणं उडवणाऱ्यालाही येतात. भाऊ हळूच म्हणाला, "ताई, तू दमली असशील." तो समजूत घालत होता. मला वाईट वाटलंच. एक सबंध रात्र मी ज्याच्यासोबत घालवली होती ते तिथे नव्हतंच, असं कळल्यावर जे वाटतं ते वाटलं. पण त्याखाली कुठेतरी एक सुटकाही होती. सामान्य आवाजात, नीट बांधलेल्या सर्किटमध्ये, या दोन आयसी माझ्या कानांना सारख्याच. म्हणजे आता निवड करायची ती हिस, खरखर, उष्णता, स्थिरता यांवर. ज्या गोष्टींवर बोट ठेवता येतं त्यांवर.

बाबांच्या अँप्लिफायरसाठी दोन वाटा होत्या. ५५३२ च ठेवायची आणि पॉटच्या पुढे एक कॅपॅसिटर आणि एक रोध घालायचा, म्हणजे करंट रोधातून जाईल आणि पॉट मोकळा राहील. सर्किट म्हणून ते चोख. पण त्यासाठी त्यांच्या बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक कापावा लागला असता, आणि त्या जुन्या बोर्डावर गरम लोखंड जरा जास्त टेकलं तर ट्रॅक सालीसारखा सुटून येतो. ते मला करवेना. दुसरी वाट ओपीए२१३४. नॉइज ८, म्हणजे हिस बरीच कमी. बायस करंट ५ पिकोअँपिअरच्या आसपास, म्हणजे टीएल०७२ पेक्षाही कमी. वेग ८ मेगाहर्ट्झ, बाबांच्या जुन्या बोर्डावर उधळणार नाही इतपत. मागवताना धास्ती होती, कारण यापूर्वी एकदा मी मागवलेल्या महागड्या आयसी नकली निघाल्या होत्या. वरचा पृष्ठभाग घासून पुन्हा रंगवलेला, ॲसिटोनचा बोळा फिरवताच अक्षरं बोळ्यावर आली होती. या खेपेला बोळा पांढराच राहिला. बेसच्या आठही जिभा साफ केल्या, आयसी बसवली, अंगठ्याला ते 'कट्' लागलं. वीज दिल्यावर आउटपुटचं डीसी मोजलं, स्कोपवर रेघ पाहिली, अर्ध्या तासाने बोट ठेवून पाहिलं. कोमट.

मग मी बाबांना बोलावलं आणि सगळं सांगितलं. चार दिवस आधीची रात्र, काळे पडलेले पाय, तीन हजार पट करंट, आणि मी पॉटवर ढकललं ते. त्यांनी जुनी टीएल०७२ तळहातावर घेतली, चष्मा वर करून तिचे पाय बघितले.

"ही खराब झाली होती?"

"नाही, बाबा. चांगली आहे ती."

"आणि पॉट?"

"तोही चांगला आहे. पहिल्यापासून चांगला होता."

ते काही बोलले नाहीत. आयसी काळ्या फोमच्या तुकड्यात पुन्हा नीट खोचली, फोम डबीत ठेवला. मग अँप्लिफायरजवळ गेले. रेकॉर्ड लावली नव्हती, सुई आपल्या जागीच होती. दोन बोटांनी त्यांनी नॉब शून्यावरून निघून पार टोकाला नेला आणि तितक्याच सावकाश मागे आणला. स्पीकरमधून काहीही आलं नाही.

"हाताला तो झिजलेला लागत नव्हताच," ते म्हणाले, आणि रेकॉर्ड शोधायला कपाटाकडे वळले.